न पडलेला माणूस

ज्योती कंडक्टरला नसत्या चौकशा करायची खोड होती आणि ती तिने कधी लपवली नाही. जळगाव–धुळे गाडीत कोणी पारोळ्याचं तिकीट मागितलं, की एका हाताने मशीनची बटणं दाबत ती विचारायची, "पारोळ्याला कोणाकडे?" एरंडोल येईपर्यंत त्या माणसाला भावंडं किती, कोणाचं लग्न अडलंय, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सगळं तिला ठाऊक झालेलं असायचं. लोकही हौसेने सांगायचे. अशा बाईला स्वतःच्याच डोक्यात काय चाललंय त्याचा पत्ता लागू नये, याचा तिला भारी राग यायचा.

झालं होतं ते असं. जानेवारीतली गोष्ट. मुकटीच्या थांब्यावर एक म्हातारबा भरताच्या वांग्यांचं पोतं घेऊन उतरला. ज्योतीने दोरी दोनदा ओढली, टण टण, गाडी हलली, आणि मागच्या सीटवरून कोणीतरी बोंबललं, "माणूस पडना रे! गाडी उभी करा!" ज्योतीने एक घंटी मारून गाडी थांबवली, खाली उडी टाकली आणि पळत मागे गेली. बघते तर म्हातारबा ठणठणीत. हातातून निसटलं होतं ते पोतं, आणि हिरवीगार वांगी अर्ध्या रस्त्यावर लोळत होती. म्हातारबा वांग्यांनाच शिव्या घालत होता. सगळी गाडी हसली. ज्योतीही हसली. त्याने तिच्या हातात दोन वांगी कोंबली, तिने संध्याकाळी त्यांचं भरीत केलं, आणि भरिताचा घास तोंडात असतानाच तिच्या मनात आलं, पोत्याऐवजी तोच पडला असता तर? डबल बेल तर मीच दिली होती.

तो घास काही खाली उतरेना.

दुसऱ्या दिवसापासून ज्योती दर थांब्यावर खाली उतरायला लागली. उतारू उतरले, चढणारे चढले, की ही खाली. गाडीच्या मागे जायचं, मागच्या चाकाशी वाकायचं, पलीकडून फिरून पुढे यायचं, वर चढायचं, मग डबल बेल. गाडी हलली की मागच्या काचेला नाक लावून रस्ता बघायचा. कधी कधी एवढ्यावरही भागायचं नाही. पाळधी सोडून फर्लांगभर गेल्यावर वाटायचं, आपण चाकाखाली नीट बघितलंच नाही. की पुन्हा एक घंटी, गाडी उभी, आणि बाईसाहेब उतरून उलट दिशेने चालत निघाल्या.

ड्रायव्हर होते उखर्डूनाना. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, माणूस पारोळ्याकडचा, जिभेला हाड नाही. ते स्टिअरिंगवर कोपरं टेकून ओरडायचे, "पोरी, आपली गाडी शे का नवरदेवनी वरात?" मग तिचा चेहरा बघून मऊ व्हायचे. "मी आरसामा देखं ना. कोनीच नही शे. बठ्ठा लोके बसनात. चाल, घंटी दे." नानांनी असं सांगितलं की ज्योतीला बरं वाटायचं. पुढच्या थांब्यापर्यंत.

गाडी चाळीस चाळीस मिनिटं उशिरा पोचायला लागली. धुळ्याच्या कोर्टात तारखा असणारे, कॉलेजची पोरं, सगळ्यांच्या तक्रारी गेल्या. आगाराच्या साहेबांनी तिला बोलावलं. भला माणूस. म्हणाले, "आखाजीपर्यंत बघू, अक्षय्य तृतीयेला काय ते ठरवू. नाहीच जमलं तर पासच्या खिडकीत बसा. पगार तोच, ऊन नाही, धूळ नाही, धक्के नाहीत."

ते उपकार म्हणून बोलत होते, पण ज्योतीला ती खिडकीच डोळ्यांसमोर दिसली. पासच्या खिडकीला खाली एक अर्धगोल भोक असतं. त्यातून लोकांचे फक्त हात दिसतात. कोणाच्या हाताला विचारणार, पारोळ्याला कोणाकडे म्हणून? अकरा वर्षं ती या रस्त्यावर होती. हा रस्ता गेला तर आपल्यातलं निम्मं जाईल, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं, आणि घरी येऊन ती ढसाढसा रडली.

सासूबाईंनी, बेबाबाईंनी, लगेच मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतडल्या जोरात, पण गाडी दुसऱ्या दिवशीही लेट. नवरा ललित पाइपच्या कारखान्यात होता, पाळीवरून आला की मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा. त्यानेच शोधून काढलं. "अगं, याच्यावर थेरपी असते. आणि एक नाही, पन्नास आहेत. एकात नुसतं बोलायचं. एकात श्वास घ्यायचा. एकात चित्रं काढायची. एकात सगळ्या घरादाराला बसवतात."

"चित्रं काढून बरं होतं?" ज्योतीने डोळे पुसत विचारलं.

"होत असेल. इथं लिहिलंय."

ज्योती सरसावून बसली. रडू कुठल्या कुठे गेलं. साधी, जलद, निमआराम, शयनयान, हे तिला ठाऊक होतं; पण मनाच्या दुखण्याच्याही अशा वेगवेगळ्या गाड्या सुटतात हे नवीनच. आपली कोणती, कोणत्या फलाटावर लागते, आणि मधे बदलावी लागली तर? त्या रात्री तिने ललितला जेवूसुद्धा दिलं नाही नीट, इतके प्रश्न विचारले.

पहिल्यांदा ती जळगावातच मेघा मॅडमकडे गेली. चाळिशीच्या, सुती साडी, आवाज शांत. त्यांची पद्धत बोलण्याची. मॅडमनी विचारलं, "अपघात कधी झाला?" ज्योती म्हणाली, "झालाच नाही." मॅडमनी पुन्हा विचारलं, "मग कोणाचा बघितला होता? घरात कोणी गेलं होतं?" नाही, तसंही काही नाही. मग त्या हळूहळू लहानपणात शिरल्या. ज्योतीचे वडील कडक होते, बैलाला पाणी पाजायचं राहिलं तर जेवायला बसू द्यायचे नाहीत. ते आठवून ज्योती रडली. वीस वर्षांत वडिलांविषयी जे कोणाशी बोलली नव्हती ते बोलली, आणि एका रविवारी चोपड्याला माहेरी जाऊन म्हाताऱ्याच्या पायाला तेल चोळून आली. हे सगळं चांगलंच झालं, त्यात खोट नाही. मन हलकं झालं. गाडी मात्र लेटच.

मधे तिने श्वासाचा प्रकारही करून बघितला. एका कॉलनीच्या हॉलमध्ये पंधरावीस जण सतरंजीवर पडायचे आणि एक गृहस्थ सांगायचे, "डोळे मिटा. एखादी शांत जागा आठवा." ज्योतीला शांत जागा म्हणून डेपोतली धुऊन उभी केलेली रिकामी गाडी आठवली. एकही उतारू नाही. इतकं छान वाटलं की ती घोरायला लागली. पण गाडीवर काय झालं, तर चाकाशी वाकून झाल्यावर ती आता डोळे मिटून दहा श्वासही घ्यायला लागली. उशीर आणखी वाढला. नाना कपाळावर हात मारून म्हणाले, "आते हाई नवीनच काढं का?"

सहाव्या बैठकीला मेघा मॅडमनी वही मिटली. "ज्योती, तू माझ्याकडे येतेस, बोलतेस, मला आनंद आहे. पण गाडी अजून लेटच आहे. माझी पद्धत तुझ्या या त्रासाला पुरी पडत नाहीये. धुळ्याला मिसबाह शेख म्हणून माझी मैत्रीण आहे, तिचं काम वेगळं आहे. एकदा जाऊन ये."

डॉक्टर-बिक्टर लोक आपल्याला जमत नाही असं कबूल करतात, हे ज्योतीला माहीत नव्हतं. तिला मेघा मॅडमबद्दल एकदम माया वाटली. होळी उलटून गेली होती, आखाजीला पाच आठवडे उरले होते.

सुटीच्या दिवशी ती धुळ्याला निघाली, झुलाल कंडक्टरच्या गाडीत, साधी उतारू म्हणून. झुलाल एक नजर दाराकडे टाकायचा आणि सुटे पैसे मोजता मोजता दोरी ओढायचा. पाळधी गेलं, एरंडोल गेलं, पारोळा गेलं. फागण्यापाशी ज्योतीच्या ध्यानात आलं की आपल्याला अख्ख्या रस्त्यात जराही भीती वाटली नाही. ती चकितच झाली. झुलालच्या घंटीने कोणी पडत नाही आणि माझ्याच घंटीने पडतं, हा काय प्रकार?

मिसबाहची खोली तिच्या वडिलांच्या सायकल दुकानाच्या वर होती. पोरगी तिशीची, ओढणी नीट पिन केलेली, समोर पाण्याचा तांब्या. ज्योतीने बसल्या बसल्या झुलालचा किस्सा सांगितला. मिसबाह पुढे झुकली. "हे फार कामाचं सांगितलंत, ज्योतीताई. आता मला तुमच्या गाडीत बसवा. जळगाव सुटलं. पाळधी आलं. तुम्हाला काय वाटतं ते नका सांगू. तुम्ही काय करता, ते सांगा."

हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. मेघा मॅडमना ज्योतीने भीती सांगितली होती, लाज सांगितली होती, वडील सांगितले होते. भीतीने उशीर होतो एवढंच सांगितलं होतं, चाकाचं सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. ते सांगण्यासारखं आहे असंच तिला वाटलं नव्हतं. कंडक्टरने उतारूंची काळजी घ्यायची, ते काय दुखणं असतं? ते तर काम. उलट डेपोत आपल्याइतकं बारीक कोणी बघत नाही, याचा तिला मनातून तोराच होता.

तिने सांगितलं. उतरणं, वाकणं, फेरी मारणं, काच, पुन्हा उतरणं, दहा श्वास, नानांना विचारणं. मिसबाह बोटं मोजत होती.

"एका थांब्यावर साधारण किती वेळा बघता?"

"सहा. गर्दी असली तर आठ."

"आणि नियम किती वेळा बघायला सांगतो?"

"एकदा. दार, पायरी, आणि घंटी."

"मग बाकीच्या पाच वेळा कोणासाठी?"

ज्योतीने तोंड उघडलं. उतारूंसाठी, असं म्हणायचं होतं. पण गेल्या तीन महिन्यांत ओझं घेऊन कोण उतरला, कोणाला पायरी चढायला हात हवा होता, हे तिला आठवतच नव्हतं. तिने माणसांकडे बघणंच सोडलं होतं, नुसती चाकं बघत होती. ती तांब्यातलं पाणी प्यायली आणि हळूच म्हणाली, "माझ्यासाठी."

"भीतीवर औषध म्हणून तुम्ही ते सुरू केलंत," मिसबाह म्हणाली. "आता त्या औषधाचीच सवय लागलीय. जितकं बघाल तितकी भीती पुन्हा मागायला येते. या दुखण्याला वेगळी पद्धत असते. एकदा नीट बघायचं, कारण ते तुमचं काम आहे. मग घंटी. आणि त्यानंतर बघायचं नाही, विचारायचं नाही. भीती चढेल, चढू द्यायची. आपण काही केलं नाही तरी ती उतरते, हे अंगाला कळावं लागतं. गरज पडली तर गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे पाठवीन, पण आधी हे करू."

"आणि खरंच कोणी पडलेलं असलं तर?"

"तशी खात्री मी देणार नाही."

ज्योतीला संताप आला. सुटी घालवून, उन्हातान्हात शंभर किलोमीटर यायचं, आणि ही पोरगी म्हणते खात्री देणार नाही! साहेब म्हणत होते काही होत नाही, ललित म्हणत होता काही होत नाही, नाना तर दिवसातून चाळीस वेळा म्हणत होते. "मग तुमच्याकडे यायचं कशाला?"

"मी आत्ता खात्री दिली ना, ताई," मिसबाह शांतपणे म्हणाली, "तर ती फागण्यापर्यंत टिकेल."

ज्योती रागाने उठायच्या बेतात होती, ती बसली. कारण ते खरं होतं. नानांची खात्रीही पुढच्या थांब्यापर्यंतच पुरायची. मग तिची जुनी खोड जागी झाली आणि तिने पुढे सरकून विचारलं, "बरं, चढू दिली भीती. किती चढते? आणि उतरायला किती वेळ घेते?"

मिसबाह पहिल्यांदाच मोकळं हसली. "तेच तर तुम्ही मला सांगायचंय."

सुरुवात सोपी होती. आधी डेपोत, रिकाम्या गाडीत, डबल बेल आणि मागे बघायचं नाही. मग जिथे कोणी उतरलंच नाही असे थांबे. मग पाळधी. प्रत्येक वेळी भीतीला शंभरपैकी आकडा द्यायचा. पाळधीला पहिल्या दिवशी नव्वद होते. ज्योती दांडा धरून उभी, हाताला घाम, कानात घूं घूं. पण आत कुठेतरी ती स्वतःकडेच बघत होती, आता किती झाले? पंच्याऐंशी. अजून पंच्याऐंशीच. मग एरंडोलच्या अलीकडे एका बाईने सुनेची कागाळी सुरू केली आणि ती ऐकता ऐकता ज्योतीला कळलं की आकडा पन्नासावर आलाय. तिने काहीच केलं नव्हतं. हे आश्चर्य तिने त्या बाईलाच सांगितलं, बाई म्हणाली, "तेच तर, सून ऐकत नाही."

दुसऱ्या आठवड्यात तिने दोन दिवस हार खाल्ली, पारोळ्याला उतरलीच. मिसबाह म्हणाली, "ठीक आहे, उद्या पुन्हा." तिने आणखी एक काम लावलं होतं, आणि ते होतं नानांना. ज्योतीने कितीही विचारलं तरी त्यांनी 'कोणी नाही' म्हणायचं नाही. मान हलवायची नाही. गप्प बसायचं.

नाना हबकले. "मी चूप बसू? वं पोरी, तीस वरीस व्हयनात, मी गाडीमा चूप बसेल नही." त्यांना वाटलं, विचारणाऱ्या लेकरापुढे तोंड शिवून बसायचं म्हणजे निर्दयपणा. पहिल्या दिवशी ज्योतीने मुकटीनंतर रडवेल्या आवाजात विचारलं, "नाना, देखं का तुम्ही?" नानांनी दात आवळून समोर बघितलं आणि उगीचच भला मोठा हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी गाडी माहेरवाशिणींनी फुगली होती. मांडीवर पोरं, पायात पिशव्या, खिडक्यांतून हात. एवढी उतरचढ वर्षात एकदाच. दर थांब्यावर ज्योती दारात उभी राहून बघत होती, एकदाच, पण माणसांकडे. मुकटीला एक बाई कडेवर पोर आणि हातात ट्रंक घेऊन उतरली. ज्योतीने ट्रंक खाली दिली. बाई बाजूला झाली, पायरी मोकळी, दार लावलं. टण टण.

गाडी हलली आणि मागे कुठेतरी धप् झालं.

मागच्या सीटवरच्या बाया गप्पा मारतच होत्या. स्टेपनी हलली असेल, टपावरचं काही सरकलं असेल, नाहीतर कानच वाजले असतील. ज्योतीचा आकडा? शंभर. हात वर गेला आणि दोरीला लागला. तिने समोर बघितलं. नाना बाहेरच्या आरशात बघत होते. त्यांना दिसलं होतं, जे काय होतं ते. त्यांचं तोंड अर्धवट उघडलं, तिच्याकडे वळलं, आणि त्यांनी ते मोठ्या कष्टाने मिटलं. गाडीचा वेग त्यांनी कमी केला नाही.

ज्योतीने दोरी सोडली. "फागणे कोणाचं राहिलंय तिकीट?" ती ओरडली. आवाज फाटला, पण कोणी लक्ष दिलं नाही. नव्वद. पुढे आली, दोन तिकिटं फाडली. पंच्याऐंशी. फागण्याला सत्तर. धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हाही साठ होतेच, पण बारा वाजून पाच मिनिटं झाली होती, वेळेवर.

स्टँडवरच्या कंट्रोलरने फेऱ्यांच्या नोंदीचा कागद बघितला. "आठवडाभर सगळ्या फेऱ्या वेळेवर दिसतात, बाई. साहेबांना कळवतो. खिडकीतली ती जागा आता दुसऱ्याला देतील."

ज्योतीने कागद परत घेतला. नाना खाली उतरून तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. त्यांना राहवत नव्हतं. "पोरी, आते गाडी पोचनी. मुकटीले मांगे ते..."

"नका सांगा, नाना."

"आते सांगाले काय हरकत शे?"

"हरकत शे. आज तुम्ही सांगशात, मंग उद्या मी परत इचारसू." तिचे डोळे भरून आले. जन्मात तिला इतकं काही जाणून घ्यावंसं वाटलं नव्हतं. "नही माहीत ते नही माहीत."

नानांनी तिच्याकडे बघितलं आणि टोपी काढून पुन्हा घातली. पलीकडे परतीच्या गाडीला बाया चढायला लागल्या होत्या. ज्योतीने मशीन गळ्यात अडकवलं, डोळे पुसले आणि दाराशी जाऊन एका म्हातारीला हात दिला. "आजी, आखाजीला कोणाकडे?"